कच्चे पीच फ्रिजमध्ये नको

म्हापशाच्या बाजारातून आणलेले पीच लगेच फ्रिजमध्ये ठेवले आणि चार दिवसांनी ते आतून कोरडे, पिठूळ निघाले, असे एकाने लिहिले आहे. फळ बहुधा खराब नव्हते, पिकण्याआधी थंडीत गेले. साधारण २ ते ८ अंश सेल्सियस, म्हणजे नेमके घरच्या फ्रिजचे तापमान, कच्च्या पीचला सर्वांत वाईट. गराला रस सुटत नाही आणि पुढे बाठीभोवती तो तपकिरी पडतो. आलुबुखारालाही हा त्रास होतो.

पीच घेताना लाली बघू नका, ती जातीवर आणि उन्हावर ठरते. देठाजवळची साल बघा. तिथे हिरवट असेल तर फळ फार लवकर तोडलेले. ते मऊ होईल, गोड नाही. पिवळसर किंवा सायीच्या रंगाची हवी. बोट खुपसून दाबू नका, डाग पडतो; देठाकडे अंगठा हलकेच टेकवून फळ जरा दबते का पाहा. आलुबुखारावरची पांढरी भुकटी कमी हाताळल्याची खूण, ती खायच्या वेळीच धुवा.

घरी देठाची बाजू खाली करून, एकाच थरात, कागदी पिशवीत ठेवा. घाई असेल तर सोबत एक पिकलेले केळे. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत पिशवीचे तोंड उघडेच असू द्या. प्लास्टिकमध्ये पाणी सुटून बुरशी येते. रोज तपासा, एक नासलेले फळ शेजारच्यांना नासवते. पिकल्यावर मात्र फ्रिज, ३-४ दिवस.

चेरीचे उलटे: तोडल्यावर ती पिकत नाही. हिरवे, ताठ देठ बघून घ्या, न धुता थेट फ्रिजमध्ये.

गोव्याचा मानकुराद आंबाही बाठीचेच फळ. आढीतला कच्चा आंबा १२-१३ अंशांखाली नेऊ नका.