'सम्राट', 'गादी' आणि शेवंती : जपानी राजपदासाठी मराठी शब्द

प्रश्न : जपानी राजघराण्याविषयीच्या एका लेखाचे मी मराठीत भाषांतर करीत आहे. मूळ लेख जपानीत आहे, पण अडले की हात आपोआप इंग्रजी शब्दकोशाकडे जातो आणि मग 'शेवंती सिंहासन', 'तीन पवित्र खजिने', 'डाएटची मंजुरी' असे काहीतरी कागदावर उतरते. 'तेन्नो'साठी 'सम्राट' हा शब्द योग्य आहे का? आजोबांच्या संग्रहातल्या एका जुन्या पुस्तकात 'मिकाडो' असे वाचल्याचे आठवते. तो शब्द आज चालेल का? आणि वर्षांचे काय करावे? लेखात एका ठिकाणी 'शोवा ६४' असे वर्ष आले आहे.

उत्तर : आपली अडचण जपानीपेक्षा इंग्रजीमुळे अधिक झालेली दिसते. जपानी राजपदाचे बहुतेक शब्द मराठीत इंग्रजीच्या वाटेने आले आणि येताना त्या भाषेने केलेले अर्थ बरोबर घेऊन आले. मूळ शब्द उलगडून पाहिला, तर त्याला जवळचा शब्द पुष्कळदा आपल्याच दरबारी मराठीत सापडतो.

'तेन्नो' या शब्दात 'तेन्' म्हणजे आकाश किंवा स्वर्ग आणि 'ओ' म्हणजे अधिपती. अमरकोशातला 'सम्राट' वेगळा आहे : राजसूय यज्ञ केलेला, मंडलाचा स्वामी आणि आपल्या आज्ञेत इतर राजांना ठेवणारा. म्हणजे आपल्या शब्दात इतर राजांवरची सत्ता आहे, जपानी शब्दात स्वर्गाशी असलेले नाते आहे. शिवाय चीनचे किंवा रोमचे सम्राट यांच्यासाठी जपानी माणूस 'कोतेई' हा निराळा शब्द वापरतो, 'तेन्नो' हा शब्द तो फक्त आपल्या राजपदासाठी राखून ठेवतो. तरीही 'सम्राट' बदलावा असे मी म्हणणार नाही. तो रुळला आहे, वाचकाला कळतो, आणि 'हास्यसम्राट' म्हणणाऱ्या भाषेत त्याला राजसूयाची अट उरलेलीही नाही. लेखात पहिल्या उल्लेखात 'तेन्नो, म्हणजे जपानचे सम्राट' असे लिहून पुढे 'सम्राट' वापरावे. मात्र 'जपानचे साम्राज्य' हा शब्दप्रयोग १९४७ पूर्वीच्या काळापुरताच ठेवावा. ३ मे १९४७ रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पहिल्याच कलमानुसार तेन्नो हे राष्ट्राचे आणि जनतेच्या ऐक्याचे 'शोचो' आहेत आणि त्यांचे स्थान सार्वभौम जनतेच्या इच्छेवर आधारलेले आहे. 'शोचो'साठी 'प्रतीक' हाच शब्द घ्यावा, 'चिन्ह' नव्हे. चिन्ह ध्वजावर असते, निवडणुकीतही असते. जिवंत माणसाला आपण चिन्ह म्हणत नाही.

'मिकाडो'चा मूळ अर्थ 'आदरणीय द्वार'. राजाचे नाव उच्चारण्याऐवजी त्याच्या दाराचे नाव घ्यायचे, ही रीत आपल्याला परकी वाटू नये, कारण 'दरबार' या शब्दातला 'दर' हा फारसीत दरवाजाच आहे. 'हेइका' या संबोधनाचा अर्थ तर 'पायऱ्यांच्या खाली' असा आहे. थेट राजाशी न बोलता पायरीखाली उभ्या असलेल्या सेवकाशी बोलण्याचा तो संकेत. मराठीत त्यासाठी 'महाराज' पुरेसा आहे. 'मिकाडो' मात्र आज जपानमध्येही व्यवहारात नाही, म्हणून तो जुन्या अवतरणांपुरता ठेवावा.

'शेवंती सिंहासन' हे इंग्रजीचे शब्दशः भाषांतर आहे. जपानीत येथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'कोइ' म्हणजे राजपद. त्याला मराठीत 'गादी' यापेक्षा चांगला शब्द नाही. सातारची गादी म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे कापसाची गादी येत नाही, वारसा येतो. दुसरी गोष्ट 'ताकामिकुरा' : सुमारे साडेसहा मीटर उंचीचे, अष्टकोनी छत्राचे, माथ्यावर 'होओ' नावाचा काल्पनिक पक्षी असलेले प्रत्यक्ष आसन. ते एरवी क्योतोच्या जुन्या राजवाड्यात असते आणि २२ ऑक्टोबर २०१९ च्या समारंभासाठी सुटे करून टोकियोला नेऊन पुन्हा जोडले होते. याला 'सिंहासन' म्हणावे. म्हणजे आजचे सम्राट नारुहितो १ मे २०१९ रोजी गादीवर आले आणि ऑक्टोबरात सिंहासनावर चढले. एकच शब्द वापरला तर हा फरक पुसला जातो.

'तीन पवित्र खजिने' तर अजिबात नको. आरसा, तलवार आणि मणी या तीन वस्तूंना जपानीत 'सान्शु नो जिंगी' म्हणतात. त्यातल्या शेवटच्या 'गी'चा (मूळ उच्चार 'की') अर्थ पात्र किंवा उपकरण असा आहे, खजिना नव्हे. सूर्यदेवी आमातेरासूने आपल्या नातवाला पृथ्वीवर पाठवताना त्या दिल्या अशी कथा असल्यामुळे मी 'देवदत्त राजचिन्हे' असे सुचवीन. आरसा इसे येथील देवस्थानात, तलवार नागोयाच्या आत्सुता देवस्थानात आणि मणी टोकियोच्या राजवाड्यात असतो. मण्याचा आकार काजूगरासारखा असतो असे लिहिल्यास कोकणातल्या वाचकाला चित्राची गरज पडणार नाही. पण येथे एक सावधगिरी हवी. आपली छत्र, चामरे, अब्दागिरी ही राजचिन्हे मिरवायची असतात. जपानची ही तिन्ही चिन्हे झाकून ठेवलेली असतात आणि पेटी समोर आली तरी आतली वस्तू दिसत नाही.

पहिल्या उत्तरावर आक्षेप : 'गादी' मान्य आहे, पण शेवंतीचे काय? वृत्तपत्रे सोळा पाकळ्यांच्या त्या फुलाला 'राजमुद्रा' म्हणतात. आपण त्याविषयी काही लिहिले नाही. तसेच 'डाएट'चा प्रश्न राहिला.

उत्तर : 'राजमुद्रा' म्हणणे चूक आहे. मुद्रा म्हणजे कागदावर उमटवायचा ठसा. शिवाजी महाराजांची 'प्रतिपच्चंद्रलेखेव' ही मुद्रा, भगवा ध्वज ही मुद्रा नव्हे. जपानच्या खऱ्या मुद्रा दोन आहेत : सम्राटाची 'ग्योजी' आणि राष्ट्राची 'कोकुजी'. दोन्ही १८७४ मध्ये घडवलेल्या, सोन्याच्या, सुमारे नऊ सेंटिमीटर चौरस आणि प्रत्येकी साडेतीन किलोंच्या आसपास वजनाच्या. कोकुजीवर आजही 'महान जपान'ची जुनी अक्षरेच आहेत. शेवंती हे 'मोन' आहे, म्हणजे 'कुलचिन्ह'. पारपत्रावर सोळा पाकळ्यांची शेवंतीच असते, पण सरकारचे चिन्ह म्हणून पंतप्रधानांच्या मंचावर दिसते ते 'किरी' या झाडाचे पान-फूल. शेवंती दिसली की 'सरकार' असे समजू नये.

जपानी संसदेचे इंग्रजी नाव 'डाएट' मराठीत लिहिले की सभागृह उपाशी बसल्यासारखे वाटते. जपानीत संसदेला 'कोक्काई' म्हणतात, म्हणजे 'राष्ट्रसभा'; 'संसद' लिहून मोकळे व्हावे. 'शुगिइन' कनिष्ठ सभागृह आणि 'सांगिइन' वरिष्ठ सभागृह. पहिले मुदतीपूर्वी विसर्जित होऊ शकते, दुसरे होत नाही, हे आपल्या वाचकाला लोकसभा आणि राज्यसभेवरून लगेच उमगेल.

राजघराण्याचे व्यवहार पाहणारे सरकारी कार्यालय म्हणजे 'कुनाईचो'; त्यासाठी 'शाही घराणे एजन्सी' असे वाचले आहे. एजन्सी म्हटले की आपल्याकडे गॅस सिलिंडर आठवतो. होळकरांच्या कारभारात राजघराण्याच्या व्यवहारांसाठी 'खासगी' हे वेगळे खाते होते, आणि कुनाईचोचे काम त्याच्या फार जवळ आहे. दुर्दैवाने आज 'खासगी' म्हणजे बिगरसरकारी, त्यामुळे वाचक नेमका उलटा अर्थ घेईल. नाइलाजाने 'राजगृह कार्यालय' वापरतो.

पुरवणी, वर्षांविषयी : 'शोवा' हे कालनाम आहे, राजाचे नाव नव्हे, आणि त्याला 'शक' म्हणणे टाळावे. राज्याभिषेक शक महाराजांनंतरही पुढे मोजला गेला. जपानचे कालनाम राजा बदलला की पुन्हा एकपासून सुरू होते. मेइजी काळापूर्वी (१८६८ च्या आधी) तर एकाच राजाच्या काळात ते अनेकदा बदलत असे. १९७९ च्या कायद्यानुसार हे नाव मंत्रिमंडळ ठरवते, म्हणून २०१९ पासूनच्या 'रेइवा' या कालनामाविषयी 'नव्या सम्राटांनी रेइवा हे नाव धारण केले' असे लिहू नये. 'सम्राट रेइवा' तर मुळीच नको, कारण कालनाम सम्राटाला मृत्यूनंतरच चिकटते. हिरोहितो हे 'शोवा तेन्नो' झाले ते त्यांच्या निधनानंतर. २०१९ मध्ये गादी सोडलेले आकिहितो हे 'जोको', म्हणजे 'वरचे अधिपती', आहेत. त्यांना 'माजी सम्राट' म्हटले की निवडणूक हरलेला मंत्री आठवतो. 'थोरले सम्राट' म्हणून पाहावे.

आपल्या 'शोवा ६४'पुरते सांगतो. हिरोहितो ७ जानेवारी १९८९ रोजी वारले आणि ८ जानेवारीपासून 'हेइसेई १', म्हणजे पुढच्या कालनामाचे पहिले वर्ष, सुरू झाले. त्यामुळे 'शोवा ६४' हे वर्ष फक्त सात दिवसांचे होते आणि त्यातली कोणतीही तारीख जानेवारी १९८९ मधलीच असणार. मजकुरात '५ जानेवारी १९८९ (शोवा ६४)' असे लिहावे. लेखात त्या वर्षाखाली फेब्रुवारी किंवा पुढचा महिना दिला असेल, तर चूक आपल्या भाषांतरात नाही, मूळ मजकुरातच आहे. लेखकाला कळवून मगच पुढे जावे.