नागपूरचं सोनेगाव विमानतळ : तुमच्या आठवणी लिहा

वर्धा रोडवाली
परवा रात्री लाइट गेली, म्हणून आई अन् मी गच्चीवर जाऊन बसलो. दोनच्या सुमारास एक विमान खाली उतरताना दिसलं. आई एकदम म्हणाली, "मद्रासचं आज उशिरा आलं गं."

आई ८६ वर्षांची आहे. ती कशाबद्दल बोलतेय ते मला क्षणभर कळलंच नाही. मग लख्खकन आठवलं, टपालाची विमानं!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : जानेवारी १९४९ पासून ऑक्टोबर १९७३ पर्यंत रोज रात्री दिल्ली, मुंबई, कलकत्ता अन् मद्रासहून टपाल घेऊन एकेक विमान निघायचं. चारही सोनेगावला यायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची अन् पहाटे जो तो आपल्या गावी परत. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते. साधं पत्रसुद्धा विमानाचं जादा तिकीट न लावता विमानानं जायला लागलं ते तेव्हापासून. देशाच्या मधोमध असण्याचा आपल्या गावाला इतका सुंदर उपयोग दुसरा कुठलाच झाला नसेल.

बाबा आरएमएसमध्ये, म्हणजे टपाल खात्याच्या रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये होते. त्यांची रात्रपाळी असली की आई आम्हाला झोपवून अंधारात आवाज मोजत पडायची. एक, दोन, तीन. चौथा आला की तिला झोप लागायची. एखादं विमान रखडलं तर बाकीची त्याच्यासाठी थांबायची, म्हणजे बाबाही थांबायचे, अन् आई जागीच.

तुमच्या घरात काय आठवणी आहेत? लिहा.

खामल्याचा
ताई, वाचून गलबलून आलं. काकूंना नमस्कार सांगा. कुकर लावलाय, रात्री लिहितो.

तर्रीपोहे
आम्ही सायकलवर डबलसीट जायचो. ५३ साली बांधलेल्या जुन्या इमारतीत लोकांना बघायला गॅलरी होती. मोठा भाऊ म्हणायचा, कठड्याला धरून उभा राह्य, पंख्याच्या वाऱ्यानं उडशील! मी खरंच दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवायचो बाप्पा. पहिली-दुसरीत असेन. विमानात बसलो वयाच्या ४१ व्या वर्षी, अन् उडताना हात आपोआप खुर्चीचा दांडा शोधत होते.

शिवणगावची
आमचं घर भिंतीच्या पलीकडे. तुम्ही लोकं विमान बघायला यायचे, आमच्या तर तुरीत ते रोजच होतं. आजोबा विमानाच्या आवाजावर डबा सोडायचे. पुढे विस्तारात शेत गेलं. मोबदल्याच्या कागदासाठी बाबांनी किती चकरा मारल्या ते मीच बघितलं, अजूनही त्यावर घरात कोणी बोलत नाही. तरी मुलगा पहिल्यांदा पुण्याहून विमानानं आला तेव्हा मी त्याला विचारलं, उतरताना आपली विहीर दिसली का? तो म्हणे आई, खिडकी दुसऱ्या बाजूला होती.

वर्धा रोडवाली
@शिवणगावची, काय बोलू गं. विहीर आहे अजून?

शिवणगावची
बुजवली. चिंच आहे.

जुना नकाशा
एक भर घालतो. हे विमानतळ टपालाच्याही आधीचं आहे, १९१७-१८ मध्ये इंग्रजांच्या लष्करी विमानांसाठी केलेलं. दुसऱ्या महायुद्धात ते पुन्हा डागडुजी करून वापरात आणलं अन् इंग्रज गेल्यावर भारत सरकारकडे आलं. म्हणजे शंभरी उलटली, पण गावात त्याचा एक फलक तरी आहे का? मला फार वाटतं की टपालाच्या त्या रात्रींची काहीतरी खूण आत असावी.

मनीषनगर
मला एक सांगा कोणीतरी, हे आता आहे कोणाचं? सरकारचं की कंपनीचं? बाबा विचारून राह्यले.

जुना नकाशा
@मनीषनगर बाबांना असं सांगा. आधी भारतीय विमानतळ प्राधिकरण चालवायचं. २००९ मध्ये मिहान इंडिया लिमिटेड ही कंपनी झाली : ५१ टक्के महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी, म्हणजे राज्य सरकार, अन् ४९ टक्के प्राधिकरण. मग खासगीकरणाची निविदा निघाली, २०१९ मध्ये जीएमआर या खासगी कंपनीला मिळाली, २०२० मध्ये राज्यानं रद्द केली. जीएमआर कोर्टात गेली. २०२१ मध्ये नागपूर खंडपीठानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. तरी क्युरेटिव्ह याचिकेमुळे, म्हणजे निकाल बदलावा म्हणून तिथेच केलेल्या शेवटच्या अर्जामुळे, २०२४ पर्यंत ताणलंच. कोणी चालवावं यावर माझं वेगळं मत आहे, पण एवढी वर्षं गाव ताटकळत राहिलं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मनीषनगर
बाबा म्हणे, म्हणजे भाडेकरू बदलला, घर आपलंच. बरोबर ना?

जुना नकाशा
अगदी बरोबर. त्यांना सांगा, माझ्या पाच ओळी त्यांनी एका ओळीत सांगितल्या.

इंदोऱ्याची लेक
माझी आठवण जुनी नाही, चालेल ना? २००५ मध्ये विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव दिलं. माझे वडील ५६ साली आजीच्या कडेवर बसून दीक्षाभूमीवर गेलेले. मला बंगळूरला नोकरी लागली तेव्हा ते सोडायला आले. गाडीतून उतरले अन् बाहेर उभं राहून पाटीवरचं नाव त्यांनी सावकाश, मोठ्यानं वाचलं. मग चप्पल काढून हात जोडले. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मी त्यांना घाई केली नाही. आता ते नाहीत. दर वेळी उतरले की मीही पाटी वाचते, मनातल्या मनात.

तर्रीपोहे
🙏🙏 जय भीम ताई.

खामल्याचा
आलो. माझं सांगायचं होतं ते आता फार छोटं वाटतंय, तरी लिहितो. मामा मुंबईला, आजी इथे. आजी पोस्टकार्ड टाकून यायची अन् रात्री विमानाचा आवाज आला की म्हणायची, "चाललं माझं कार्ड." रोज. कार्ड टाकलेलं नसलं तरी.

शिवणगावची
😭 जेवले का सगळे? माझ्या पोळ्या राह्यल्या.

वर्धा रोडवाली
हे सगळं आत्ता आईला वाचून दाखवलं. खामल्याच्या आजीचं दोनदा वाचायला लावलं. मग विचारते, "त्यांचा मामा मुंबईला कुठं राहायचा? थैली तुझ्या बाबांच्या हातून गेली असेल."

खामल्याचा
गिरगावात. सांगा काकूंना.