प्रश्न किती रुपयांचा नाही, कुठल्या नोटांचा आहे

मोबाईलवरून पैसे देता येत असताना अडीनडीला रोख किती बाळगावी? 'मोबाईलच्या कव्हरमागे ५०० ची एक नोट दुमडून ठेवली की झालं' हे काहींचं मत मला अर्धंच पटतं. मीही तेच करायचो. मागच्या पावसाळ्यात ताम्हिणीत टपरीवर दोन चहा, दोन कणसं घेतली. मोबाईलला रेंज शून्य. इंटरनेटशिवाय मोबाईलवरून पैसे पाठवायच्या *९९# सेवेलाही रेंज लागतेच! मावशींकडे ५०० चे सुट्टे नव्हते. "येताना द्या," म्हणाल्या. परतीचा रस्ता वाकडा करून दिले.

आता १०-२०-५० च्या मिळून दोनेकशे रुपये बाळगतो. सुट्ट्यांची ओरड रिझर्व्ह बँकेपर्यंतही पोचलीय म्हणायची: एप्रिल २०२५ मध्ये तिने बँकांना सांगितलं, मार्च २०२६ पर्यंत ९० टक्के एटीएममधून १०० किंवा २०० च्या नोटा मिळायला हव्यात.