सात-ते-नऊ आधी समजावा

रोलप्लेइंग खेळात, म्हणजे एकेक पात्र होऊन मिळून गोष्ट रचण्याच्या खेळात, नवख्यांना आधी पूर्ण नियमपुस्तक वाचायला द्यावं, हे मला पटत नाही. 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या रोलप्लेइंग खेळाच्या धाटणीच्या खेळात सुरुवातीला एवढंच सांगावं: दोन फासे टाका आणि त्यांच्या बेरजेत पात्राच्या गुणाचा आकडा मिळवा. दहा किंवा जास्त आले तर काम फत्ते, सहा किंवा कमी आले तर सूत्रधार, म्हणजे खेळ चालवणारा, संकट आणतो, आणि सात ते नऊ आले तर काम होतं पण किंमत मोजावी लागते. पात्राच्या गुणाची भर शून्य असेल तर ३६ पैकी १५ वेळा हेच मधलं फळ येतं, म्हणून गोष्ट तिथेच रंगते. कुलूप उघडतं, पण पहारेकऱ्याला चाहूल लागते!

ऑनलाइन खेळताना खरी अडचण शांततेची असते. कॅमेरे बंद, सगळे म्यूट, आणि "आता तुम्ही काय करता?" असा प्रश्न हवेत सोडला की कुणीच बोलत नाही. त्यापेक्षा एकाच पात्राचं नाव घेऊन विचारा, "या पहारेकऱ्याला तू कुठून ओळखतोस?" उत्तर काहीही येवो, ते खरं मानून पुढे चला. मी तीन-चार जणांहून मोठा गट घेत नाही. व्हर्च्युअल नकाशेही पहिल्या दिवशी नकोत. लोक सोंगट्या हलवण्यात गुंततात आणि बोलणं थांबतं.