रीमॅप केला की थंड प्लग टाकायलाच हवा का?

बूस्टप्रेमी: टर्बो गाडीचा नुसता रीमॅप केला (इंजिनच्या संगणकातली सेटिंग्ज बदलून ताकद वाढवली) तरी सल्ला ठरलेला: 'एक पायरी थंड स्पार्क प्लग टाक.' मला हे आंधळं वाटतं. बूस्ट (टर्बो आत ढकलतो त्या हवेचा दाब) वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. ते व्होल्टेज देणाऱ्या कॉइलला झेपलं नाही की पूर्ण थ्रॉटलवर गाडी अडखळते. त्यावर उपाय गॅप, म्हणजे प्लगच्या दोन टोकांमधली फट, कमी करण्याचा. मूळ गॅप 0.8 मिमी असेल तर 0.65-0.7 करून बघा. थंड प्लगने ठिणगी जोरात पडत नाही, टोकाची उष्णता हेडकडे (प्लग बसतो त्या इंजिनच्या वरच्या भागाकडे) लवकर जाते, एवढंच.

जळका पिस्टन: 'एवढंच' काय? तीच तर मुख्य गोष्ट आहे! टोक साधारण 800-850 अंशांच्या पुढे गेलं की ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटायला लागतं. थंड प्लग काजळला तर प्लग बदलावा लागेल. प्री-इग्निशन झालं तर पिस्टनला भोक. यातला कुठला धोका पत्करायचा, हा काय प्रश्न आहे?

बूस्टप्रेमी: काजळी प्लगपुरती राहत नाही ना. टोक 450 अंशांच्या आसपास पोचलंच नाही तर काजळी जळत नाही, रोजच्या ट्रॅफिकमध्ये मिसफायर सुरू होतो आणि न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. तो काय फुकट येतो? शिवाय इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) जास्त पुढे घेतल्यामुळे होणारं नॉकिंग (मिश्रण अवेळी भडकून होणारी ठकठक) प्लग बदलून थांबणार नाही. तिथे रीमॅप करणाऱ्या ट्यूनरलाच जाब विचारा.

पानाबहाद्दर: भांडण चालू द्या, पण प्लग मागवताना आकडा बघा. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये नेमकं उलटं. 'एक नंबर वरचा दे' म्हणून गरम प्लग घरी आणणारे आहेत. आणि कोडमधला आर, म्हणजे रेझिस्टर, सोडू नका. बिनरेझिस्टरच्या प्लगचा विद्युत गोंगाट ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, त्रास देतो.

साधा माणूस: इरिडियम टोकाच्या प्लगचे लाड कशाला? तांब्याचा प्लग टाका, लवकर लवकर बदला. ट्यून केलेल्या गाडीला तेच बरं.

पानाबहाद्दर: ज्याला आपण तांब्याचा म्हणतो त्याच्या गाभ्यात तांबं असतं, टोक निकेल मिश्रधातूचंच. गाभ्यात तांबं तर इरिडियम प्लगमध्येही असतं. निकेल झिजतं, गॅप वाढत जातो, म्हणजे व्होल्टेजची गरज पुन्हा वर. इरिडियमच्या बारीक टोकावरून कमी व्होल्टेजला ठिणगी पडते आणि टर्बोत आपल्याला हवं तेच असतं. फक्त गॅप करताना मधल्या टोकावर जोर देऊ नका, वरची पट्टीच अलगद वाकवा. नाण्यासारखं गोल गॅपर आत खुपसणाऱ्यांनी निकेलच वापरावा.

साधा माणूस: मी दर सर्व्हिसला बदलतो, मग गॅप वाढेलच कसा? तुमचं चालू द्या. बसवताना अँटी-सीझ (आटे अडकू नयेत म्हणूनचं वंगण) लावायचं ना?

पानाबहाद्दर: प्लगच्या आट्यांवर मुलामा असेल तर नको. वंगणामुळे तोच टॉर्क (आवळण्याचा जोर) जास्त ताण देतो आणि आटे खेचले जातात. 14 मिमीचा, वायसरवाला प्लग, हेड अॅल्युमिनियमचं: 25-30 न्यूटन मीटर, कोरडा. इंजिन थंड असताना, आधी हातानेच.

जळका पिस्टन: आणि वर्षानुवर्षं बसलेला प्लग काढताना हेडचे आटे सोबत आले की? मी लावतो, टॉर्क त्या हिशोबाने कमी ठेवतो.

पानाबहाद्दर: 'त्या हिशोबाने' किती, हे प्रत्येक गॅरेज वेगळं सांगतं.

जळका पिस्टन: असो. बूस्टप्रेमी, 75 ते 100 हॉर्सपॉवर वाढली की एक पायरी थंड, हा ठोकताळा तुला मान्य आहे की नाही?

बूस्टप्रेमी: तेवढी वाढली तर मान्य. पण स्टेज वनला, म्हणजे पहिल्या पायरीच्या रीमॅपला, 25-30 वाढते, तिथे कशाला? आधी गॅप कमी करा, दोन-तीन वेळा पूर्ण बूस्ट घ्या आणि प्लग काढून बघा. पांढरं पडलेलं, फोड आलेलं पोर्सिलेन किंवा त्यावर अॅल्युमिनियमचे चकचकीत ठिपके दिसले तर गाडी तिथेच उभी करा. टायमिंग मागे घ्या आणि मग खुशाल थंड प्लग टाका.

जळका पिस्टन: ठिपके दिसले म्हणजे पिस्टन वितळायला लागलाय. मी तोपर्यंत थांबणार नाही.