मदत हवी आहे: पोटासाठी अमिट्रिप्टिलिन, सकाळची गुंगी कधी जाते?

दोन वर्षं आयबीएस (आतड्यांचा संवेदनशीलपणाचा त्रास) आहे, जेवलं की मुरडा आणि जुलाब. कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी), सीलिअक (गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार), थायरॉइड सगळं नॉर्मल. दूध बंद केलं, इसबगोल झालं, मुरड्यावरची मेबेव्हरिन 200 मिग्रॅ दोन महिने घेतली, फरक नाही. दहा दिवसांपूर्वी पोटाच्या डॉक्टरांनी रात्री अमिट्रिप्टिलिन 10 मिग्रॅ सुरू केली. (नैराश्याची गोळी पोटाला का, ते त्यांनी नीट समजावलंय.) मुरडा खरंच कमी झालाय, त्यामुळे सोडायची नाहीये! पण 10 ला घेते, पहाटे 5 ला उठते आणि 9 पर्यंत डोकं जड. दुचाकी बंद, सध्या बसने जाते. बीपी, शुगर नाही, दुसरी गोळीही नाही. डॉक्टर तीन आठवड्यांनी भेटतील. वेळ बदलायची तर आधी फोनवर विचारीनच.

ज्यांनी घेतली आहे त्यांनी सांगा: गुंगी किती दिवसांत गेली? आणि संध्याकाळी लवकर घेऊन फरक पडला का?