आमचे ते खेळ आणि पोरांचं ते व्यसन?

करवंद (धागाकर्ती)
आमच्या दहावीच्या व्हॉट्सॲप गटात काल एकाने चित्र ढकललं. डावीकडे कॉन्ट्रा हा आपल्या लहानपणीचा बंदूकबाजीचा गेम, उजवीकडे मोबाइलमध्ये मान घातलेलं पोरगं, खाली ओळ: "आम्ही खेळायचो, हे वाया जातात." बासष्ट जणांच्या गटात चाळीस अंगठे. त्यातले निम्मे तर रोज लोकलमध्ये मोबाइलवरच्या गेमात कँडी फोडत जातात. तिथेच भांडले असते, पण गटात नवऱ्याचा मामेभाऊ आहे. म्हणून इथे.

मुस्तफा आठवतोय का? कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स हे त्याचं खरं नाव, कॅपकॉमचा १९९३चा गेम. आपल्यासाठी मात्र तो पिवळ्या टोपीवाला मुस्तफाच. एक रुपया टाकला की सुरू, आणि रुपया लवकर संपावा हीच त्या मशिनची सगळी हुशारी. "तीन लाइफ" ही कल्पनाच नाण्याच्या पेटीतून आली. गेम अवघड होता तो तुमचं कसब घडवायला नाही, गल्ला भरायला. कॉन्ट्रासुद्धा १९८७ साली असाच नाणी खाणाऱ्या मशिनवर आला, घरी टीव्हीला जोडायच्या गेमच्या डब्यात एक वर्षाने. आणि कसबाच्या गप्पा मारणाऱ्या प्रत्येकाने वर वर खाली खाली डावीकडे उजवीकडे डावीकडे उजवीकडे बी ए करून तीस लाइफ घेतलेल्या आहेत. ती चावी मुळात ग्रेडियस नावाच्या गेमसाठी काझुहिसा हाशिमोतोने केली, कारण स्वतः बनवलेला गेम तपासताना त्याला शेवटपर्यंत पोचताच येत नव्हतं!

मी स्वतः चौथीत असताना आजीच्या चंचीतले आठ रुपये मुस्तफाला वाहिलेत. त्या कोंदट दुकानात मी एकटी मुलगी, भावाच्या शर्टाचं टोक धरून उभी. ते व्यसन नव्हतं तर काय हरिपाठ होता?

गावठी जाम
ताई, तुमचे आठ रुपये संपले, तुम्ही घरी गेलात. विषय संपला.

माझ्या पोराने आईच्या फोनवरून ६,४०० रुपये घालवले. कशावर, तर बंदुकीच्या रंगावर. बंदूक तीच, गोळी तीच. विचारलं, रंगाने गोळी जोरात लागते का? "नाही बाबा, पण भारी दिसते." मारिओने मला कधी रात्री साडेअकराला "राजकन्या तुझी वाट बघतेय" असा मेसेज नाही पाठवला. डब्याचा खटका पाडला की मारिओ मेला. आता खटकाच नाही. कँडीवाल्यात पाच लाइफ, संपल्या की अर्ध्या तासाला एक, धीर नसेल तर पैसे मोजा. मुस्तफाचा दुकानदार निदान शाळेच्या वेळात हाकलून तरी द्यायचा.

नळस्टॉप
पिन बायकोच्या वाढदिवसाची ठेवली असणार, आणि दोष गेमचा. छान.

@करवंद, शेवटचा मुद्दा सोडून सहमत. आमच्याकडे "९९९९ इन १" लिहिलेली कॅसेट होती. सुट्टीत वही घेऊन बसलो आणि मोजले. निघाले सतरा. बाकी सगळं तेच: टँक लाल, टँक हिरवा, कॉन्ट्रा तिसऱ्या स्टेजपासून, कॉन्ट्रा पाचव्यापासून. आणि ही सगळी चोरी बरं का. निन्टेन्डो कंपनीचा फॅमिकॉम हा डबा जपानात १९८३ साली आला, आपल्या घरातले बहुतेक डबे म्हणजे त्याच्या नकला. ज्या पिढीने एक पैसा न देता मारिओ संपवला ती आता पोरांना नीतिमत्ता शिकवणार.

पाटीपेन्सिल
नीतिमत्ता वगैरे राहू द्या हो. मला फक्त फुंकर आठवली. गेम अडकला, पडद्यावर रंगीत चौकटी आल्या की कॅसेट काढायची, माउथ ऑर्गनसारखी ओठांशी धरायची आणि डावीकडून उजवीकडे एक लांब फुंकर. लगेच चालू! बाबांनी १९९६च्या दिवाळीच्या बोनसमधून लिटल मास्टर नावाचा डबा आणला होता. आजच्या पोरांना हे सुख काय कळणार, त्यांचं सगळं आपोआप.

तापलेली इस्त्री
फुंकर. आलं का परत. बावीस वर्षं सांगलीत दुरुस्तीचं दुकान चालवतोय. फुंकल्याने काहीही होत नाही. तुम्ही कॅसेट काढून परत बसवता, त्यात पिना घासल्या जातात आणि संपर्क जुळतो. श्रेय फुंकरीला. उलट तोंडातली वाफ तांब्यावर बसते आणि हळूहळू हिरवं चढतं. फुंकू नका असं खुद्द निन्टेन्डो सांगत आली आहे. माझ्याकडे आलेल्या कॅसेटी उघडून बघा, कडेची पट्टी जुन्या पितळेच्या समईसारखी झालेली असते.

पाटीपेन्सिल
पण चालायचं ना! हजार वेळा चाललंय. अनुभव खोटा आणि तुमचं पुस्तक खरं?

नळस्टॉप
इस्त्रीराव बरोबर आहेत, पण अर्धेच. हा प्रकार मुळात अमेरिकेतल्या डब्याचा. तिथे १९८५ साली आला तो डबा व्हीसीआरसारखा, कॅसेट समोरून आत सारायची आणि खाली दाबायची. आतल्या ७२ पिना त्या दाबाने सैल व्हायच्या. म्हणून तिकडे

तापलेली इस्त्री
थांबा. तिकडचं इकडे सांगू नका. आपले डबे ६० पिनांचे, कॅसेट वरून उभी घालायची. ती दाबायची भानगडच नव्हती. आपल्याकडे रोग वेगळा. एक तर धूळ, कारण डब्याच्या तोंडावरची झडप पहिल्याच महिन्यात तुटायची. दुसरं म्हणजे आतली सर्किटची स्वस्त पाटी. कॅसेट उघडली तर आत पायांची चिप नसतेच, काळ्या राळेचा एक थेंब आणि त्याच्याखाली सगळं राज्य. कडेला मुलामा नावापुरता. तो उडाला की तांबं उघडं. इंटरनेटवर वाचून सांगू नका, मी हाताने उघडल्यात.

नळस्टॉप
पुण्याचा दिसला की वाचूनच बोलतो असं गृहीत धरायची पद्धत आहे का सांगलीत?

तापलेली इस्त्री
पुण्याचं मी काही बोललो नाही. तुम्हीच काढलंत.

बर्फातली भाकरी
धाग्याच्या विषयावर लिहिलं तर चालेल का? मी बेल्जियममध्ये राहते. इथल्या जुगार आयोगाने २०१८ साली सांगितलं की पैसे टाकून आत काय निघेल ते माहीत नसलेली पेटी विकत घ्यायची, हा जुगारच. फुटबॉलच्या त्या प्रसिद्ध गेमवाल्यांना पुढच्या वर्षी जानेवारीत इथे अशा पेट्या घ्यायचे आपले पॉइंट विकणं थांबवावं लागलं. म्हणजे @गावठी जाम म्हणतायत ते अगदीच म्हातारपणाचं रडगाणं नाही. फरक आहे, आणि तो कायद्यालाही दिसलाय.

गावठी जाम
धन्यवाद. कुणीतरी वाचलं म्हणायचं. (म्हातारपणाचं? एक्केचाळीस!)

करवंद
@बर्फातली भाकरी, आपल्याकडेही ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा झाला, पण तो पैसे लावून पैसे जिंकायच्या गेमबद्दल. बंदुकीचा रंग विकणारे निवांत आहेत. ठीक आहे, पेटीचा मुद्दा मान्य. मुस्तफाला रुपया टाकला की मुस्तफाच निघायचा, एवढं खरं. पण मग पेटीला शिव्या द्या ना, पोराला वाया गेलेलं का म्हणता? त्या चित्रात पेटी नव्हती, पोरगं होतं.

कोकणकडा
तुम्ही सगळे मूळ मुद्दा सोडून बोलताय. मुद्दा मालकीचा आहे. कॅसेट चोरीची असेल, पण माझी होती. आज पैसे मोजून घेतलेला गेमही आपला नसतो. एक मोटारींचा गेम होता, द क्रू. कंपनीने ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले, मग लोकांच्या खात्यातूनच तो काढून घेतला. एकट्याने खेळायचा म्हटलं तरी चालेना. निन्टेन्डोने मार्च २०२३ मध्ये थ्रीडीएस या हातात धरून खेळायच्या यंत्राचं ऑनलाइन दुकान बंद केलं. ब्राउझरमधले गेम चालवणारं फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला गेलं, त्याबरोबर आमच्या ऑफिसातली अख्खी दुपारची संस्कृती गेली. मी ब्राउझरमधल्या एका छोट्या गेममध्ये २०११ पासून पहिल्या नंबरवर होतो. कुठे आहे तो नंबर आता? कुणाकडे दाद मागू?

नळस्टॉप
ऑफिसच्या वेळात मिळवलेला नंबर, म्हणजे तो तसाही मालकाचाच.

फ्लॅशचे बरेच गेम इंटरनेट आर्काइव्हवर रफल नावाचं सॉफ्टवेअर वापरून चालतात. जाऊन बघा, रडू नका.

कोकणकडा
नंबर चालतो का तिथे? नाही ना. मग.

पाटीपेन्सिल
माझं अजून संपलेलं नाही. @तापलेली इस्त्री, मी फुंकल्यावर दहातून तीनदा चालायचं. बाबांनी फुंकलं की पहिल्या फटक्यात. नेहमी. शेजारची पोरं कॅसेटी घेऊन बाबांकडे यायची. आता बाबा नाहीत. तुम्ही म्हणता काहीच होत नाही. मग ते काय होतं सांगा. बावीस वर्षांच्या दुकानदारीत असं बोलायलाही शिकला असाल की फक्त लोकांना मूर्ख ठरवायला?

तापलेली इस्त्री
मूर्ख कुणाला म्हटलेलं नाही. विचारतो एवढंच, बाबा काय काम करायचे?

पाटीपेन्सिल
घड्याळं दुरुस्त करायचे. का?

तापलेली इस्त्री
मग फुंकर नव्हे, हात. तुम्ही घाईने तिरकी कोंबत असणार. ते सरळ, सावकाश बसवत असतील, दोन्ही बाजूंनी सारखा दाब देऊन. पोरं यायची ती बरोबर माणसाकडे यायची.

पाटीपेन्सिल
…बसवताना एक बोट कडेवर ठेवायचे हे आठवतंय.

बरं. असेल. फुंकायचे ते मात्र खरंच फुंकायचे.

गावठी जाम
आता विचारतोच. माळ्यावर माझा डबा आणि दोन कॅसेटी आहेत. पोराला दाखवायचंय की बंदुकीला रंग नसला तरी चालतं. साफ कशी करू?

तापलेली इस्त्री
पांढरं मऊ खोडरबर, हलक्या हाताने, पट्टीच्या दिशेने. आडवं घासू नका, उरलासुरला मुलामा जाईल. मग कानकोरणीच्या कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल. नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, प्लास्टिक विरघळतं. पूर्ण वाळू द्या. ॲडॉप्टर जुनाच लावणार असाल तर आधी कुणाकडून तपासून घ्या, तीस वर्षांचा माल आहे.

करवंद
नेलपॉलिश रिमूव्हरवरून कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. १९९८ मध्ये.

गावठी जाम
(रविवार) चालू झाला! ॲडॉप्टर नवीन घेतला, पिवळी वायर एलईडी टीव्हीला लागली. खोडरबर, अल्कोहोल, सगळं सांगितल्याप्रमाणे. खरं सांगायचं तर सगळ्यात शेवटी सवयीने फुंकलंच.

पोराने मारिओ घेतला. पहिल्याच कासवाला धडकला. मग खड्ड्यात. म्हणतो, "बाबा, सेव्ह कुठे करायचं?" म्हटलं, नसतं. मग माझ्याकडे असं बघितलं की मी त्याला फसवलंय. तरी दीड तास खेळला, आणि जेवायला हाक मारली तर "एकच लाइफ राहिलीय" म्हणाला. @करवंद, तुम्हाला हे वाचून आनंद होणार म्हणून लिहिणार नव्हतो.

आता अडचण अशी की बदकांची कॅसेट चालते, पण टीव्हीवर रोखायच्या प्लास्टिकच्या बंदुकीने एकही बदक मरत नाही. कुत्रा नुसता हसतोय. बंदुकीतही फुंकायचं असतं का?

तापलेली इस्त्री
बंदूक काही सोडत नाही, ती बघते. खटका दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीतल्या डोळ्याला त्याच क्षणी तो उजेड दिसला तर बदक पडतं. हा हिशोब पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचा. तुमचा एलईडी चित्र उशिरा दाखवतो, बंदूक तोवर बघून मोकळी. जुना जाडा टीव्ही शोधा, भंगारवाल्याकडे असेल.

आणि बंदुकीत फुंकू नका.